तीन डॉक्टर, तीन गोळ्या आणि वडील अजून तसेच: नैराश्याचं औषध ठरवतात कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, परभणी जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू. लागोपाठ दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं, वरून कर्ज. दिवाळीपासून ते गप्प आहेत, जेवण तुटलंय, वजन सहा किलोने उतरलंय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. “माझाच घराला भार झालाय” असं दोनदा बोलून गेले. पहिल्या डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी दिली. मळमळ आणि बेचैनी झाली म्हणून ती नवव्या दिवशी बंद केली. दुसऱ्यांनी मिर्टाझापीन १५ दिलं. झोप आणि भूक सुधारली, पण सकाळी दहापर्यंत गुंगी राहायची, ‘ह्या गुंगीच्या गोळ्या आहेत’ असं पाहुण्यांनी सांगितलं आणि तीन आठवड्यांत तीही सुटली. तिसऱ्यांनी अमिट्रिप्टिलीन २५ दिलं. आता पोट साफ होत नाही आणि लघवी अडखळते. शिवाय बीपीची गोळी रोज आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक अधूनमधून. मुलगा चाकणला कंपनीत आहे, गोळ्या आई देते. तो विचारतो: तिघांपैकी बरोबर कोण? या गोळ्यांची सवय लागते का, किडनी जाते का, जन्मभर घ्याव्या लागतात का?

मी मराठवाड्यातच मनोविकारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहिते ते घेऊन डॉक्टरांकडे जा, परस्पर गोळ्या बदलू नका.

औषधांच्या आधी ते वाक्य. “घराला भार झालाय” हे आपल्याकडे माणूस सहज बोलतो असं समजून घरचे पुढे जातात. तुम्ही पुढे जाऊ नका. आज फोन करा किंवा सुट्टी काढून गावी जा, आणि सरळ विचारा: “मरावंसं वाटतं का? तसं काही ठरवलंय का?” विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं की बहुतेक माणसं हलकी होतात. फवारणीचं औषध घरात किंवा शेतातल्या आखाड्यावर असेल तर ते आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या. अमिट्रिप्टिलीनची पाकिटं आईकडे, कुलपात, आणि एका वेळी थोडीच. हे औषध जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. ‘हो, ठरवलंय’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा, किंवा नांदेड, अंबाजोगाई, लातूर, नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, जे जवळ पडेल ते. रात्रीबेरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मराठीत चालतो.

आता मूळ प्रश्न. तिघांपैकी कुणी ढोबळ चूक केली असं मला दिसत नाही. तिन्ही औषधं वापरातली आहेत. पण एकाही औषधाला पुरेसे दिवस मिळाले नाहीत, आणि कोणत्या औषधाने काय त्रास होईल, तो किती दिवस राहील, हे तुमच्या आईला कुणी बसून सांगितलेलं दिसत नाही.

लोकांना वाटतं की नैराश्यावर एक ‘भारी’ औषध असतं आणि बाकीची हलकी. तसं नाही. २०१८ साली द लॅन्सेटमध्ये एक मोठा आढावा आला होता. त्यात २१ औषधांवरच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. सगळी औषधं औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता, आणि औषधा-औषधांमधला फरक त्याहून लहान. म्हणजे गुणाच्या बाबतीत ती बरीचशी एका पंक्तीतली आहेत. दुष्परिणामांच्या बाबतीत मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे. म्हणून आम्ही औषध निवडतो ते बहुतेक वेळा दुष्परिणामाकडे बघून: या माणसाला कोणता त्रास परवडेल, कोणता अजिबात परवडणार नाही, आणि कोणता ‘त्रास’ याच्या कामालाच येईल. वय, बीपी, साखर, प्रोस्टेट, वजन, आधीच्या गोळ्या, घरात गोळी कोण देतं, पुढच्या तपासणीला येणं जमेल का, खिशाला काय झेपतं, हे सगळं त्या निवडीत येतं. एका औषधाने गुण आला नाही तर दुसरं लागतं, हेही नेहमीचंच आहे. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश असतात.

आमच्या भागात पहिली चिठ्ठी बहुतेक वेळा एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालीनची असते. कारणं सरळ आहेत. स्वस्त आहेत, दिवसातून एकदा घ्यायची, हृदयाला त्या मानाने सोसतात, आणि एखाद्याने रागाच्या भरात पाकीटभर खाल्ली तरी जुन्या औषधांइतकी जीवघेणी ठरत नाहीत. आत्महत्येची भीती रोज समोर असलेल्या प्रदेशात हा शेवटचा मुद्दा मला फार मोठा वाटतो. सरकारी दवाखान्यात त्या महिन्यात जे आलेलं असेल त्यावरही काही वेळा चिठ्ठी ठरते, हेही खरं आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं उदाहरण देते, म्हणजे परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते कळेल. बीडकडचं जोडपं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. मध्ये गोळ्या संपल्या तर पालावर कोण आणून देणार? अशा पेशंटला व्हेन्लाफॅक्सीन किंवा पॅरोक्सेटीन द्यायला मी धजत नाही. ती अचानक थांबली की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. त्यांच्यासाठी मी फ्लुओक्सेटीनचा विचार आधी करते. ते शरीरातून हळूहळू उतरतं, काही दिवस चुकले तरी माणूस एकदम ढासळत नाही. पुण्याच्या एखाद्या सहकाऱ्याने त्याच पेशंटला वेगळं औषध दिलं असतं आणि तेही बरोबर असतं.

आता तुमच्या वडिलांच्या तीन गोळ्या एकेक करून बघू.

पहिली, एस्सिटॅलोप्रॅमची. या गटातल्या औषधांनी पहिले सात ते चौदा दिवस मळमळ, ढिली संडास, डोकेदुखी, हाताला कंप आणि आतून तगमग होऊ शकते. बहुतेकांत हे दुसऱ्या आठवड्यानंतर ओसरतं. मनाला गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनीच येतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. नवव्या दिवशी गोळी सोडणारा माणूस त्रास भोगून झाल्यावर नेमका गुणाच्या उंबरठ्यावरून परत फिरतो. अर्ध्या मात्रेने, म्हणजे ५ मिलिग्रॅमने, आठवडाभर सुरुवात करून, जेवणानंतर दिली असती तर कदाचित निभावलं असतं. उपवासाच्या दिवशी ही गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळ वाढू शकते. एकादशी धरणाऱ्या घरांत मी हे आवर्जून विचारते.

त्या गोळीत क्लोनाझेपाम होतं, त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. ही जोडगोळी आपल्याकडे फार चालते, कारण क्लोनाझेपामने पहिल्याच रात्री झोप लागते आणि पेशंटला वाटतं डॉक्टर हुशार. सुरुवातीच्या तगमगीत दोन ते चार आठवडे ते देणं योग्य आहे, मीही देते. पण दोन्ही औषधं एकाच गोळीत कोंबली की एक कमी करून दुसरं चालू ठेवता येत नाही. मग वर्ष-वर्ष दोन्ही चालू राहतात. सवय लागण्याचा तुमचा प्रश्न खरा इथे लागू होतो. क्लोनाझेपामची सवय लागते, अचानक सोडलं तर झोप उडते, घाबरं होतं, बराच काळ घेतलेल्याला झटकेही येऊ शकतात. वयस्क माणूस रात्री लघवीला उठला की तोल जाऊन पडतो तो वेगळाच. नैराश्याच्या मूळ औषधाची दारूसारखी ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. ते एकदम तोडलं तर त्रास होतो, म्हणून आठवड्या-आठवड्याने उतरवत थांबवायचं असतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावात त्या एकच समजल्या जातात. म्हणून मी शक्यतो दोन गोळ्या वेगवेगळ्या लिहिते आणि झोपेच्या गोळीची शेवटची तारीख चिठ्ठीवरच टाकते.

तिसरी आधी घेते. अमिट्रिप्टिलीन हे जुन्या पिढीतलं, चांगलं गुणकारी औषध आहे. पण नैराश्यासाठी ते साधारण ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून वर न्यावं लागतं. २५ ही मात्रा बहुधा अंगदुखी, अर्धशिशी किंवा झोपेसाठी दिली जाते. तिसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याचं दुखणं आणि झोप डोळ्यासमोर ठेवून दिली असावी, तेव्हा ती कशासाठी होती ते त्यांना विचारा. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, उठताना अंधारी येणं हे तिचे ठरलेले त्रास आहेत. ५८व्या वर्षी प्रोस्टेट वाढलेलं असण्याची शक्यता असते. लघवी अडखळते हे डॉक्टरांना लगेच कळवा, आणि पूर्ण तटली तर वाट न बघता दवाखाना गाठा. वजन, झोप आणि मनाची अवस्था बघता २५ मिलिग्रॅमवर त्यांचं नैराश्य हटेल असं मला वाटत नाही.

दुसरी, मिर्टाझापीन. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला हीच परत विचारात घ्यावीशी वाटते. भूक वाढणं आणि झोप येणं हे तिचे दुष्परिणाम म्हणून छापलेले असतात. वजन वाढलेल्या मधुमेही बाईला मी ती टाळीन. पण सहा किलो वजन गेलेल्या, पहाटे तीनला जागणाऱ्या माणसाला तेच हवं आहे. सकाळच्या गुंगीवर उपाय असतात. गोळी रात्री अकराऐवजी आठ-साडेआठला द्यायची. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत ती गुंगी पुष्कळ उतरते. गंमत नाही, खरोखर असं घडतं, की मात्रा १५ वरून ३० केल्यावर काहींना झोप कमी येते, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात तेव्हा घाबरू नका. ही घेत असताना ताप आणि घसा दुखणं सोबत आलं तर रक्ताची तपासणी करायची, कारण क्वचित पांढऱ्या पेशी कमी होतात. तीन आठवड्यांत झोप-भूक सुधारली होती, हा मला चांगला इशारा वाटतो. शरीर आधी सुधारतं, मन मागून येतं.

मिर्टाझापीनकडे कल असण्याचं दुसरं कारण तुमच्या प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते म्हणजे बीपीची गोळी. तिच्या नावामागे ‘एच’ आहे का ते बघा, किंवा घटकांत हायड्रोक्लोरोथायझाइड वा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का. या लघवी वाढवणाऱ्या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. एस्सिटॅलोप्रॅम-सर्ट्रालीन गटानेही, विशेषतः साठीच्या आसपास आणि पुढे, सोडियम उतरू शकतं. दोन्ही एकत्र, वर एप्रिल-मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, घाम, बीपीमुळे मीठ तोडलेलं आणि नुसतं पाणी पोटभर, असं जुळून आलं की माणूस सुस्त होतो, बरळतो, तोल जातो, उलट्या होतात, क्वचित झटका येतो. घरचे म्हणतात गोळ्यांनी वेड लागलं, नाहीतर बाहेरचं झालं. साध्या रक्ततपासणीत सोडियम कळतं. १३५ ते १४५ ही सर्वसाधारण पातळी. बीपीची ‘एच’ गोळी चालू असलेल्या वयस्क माणसाला या गटातलं औषध सुरू केलं की एक-दोन आठवड्यांनी मी सोडियम करून घेतेच. मिर्टाझापीनमध्ये हा धोका कमी आहे, शून्य नाही. बीपीची गोळी बदलून मिळते का हेही फिजिशियनना विचारता येईल. स्वतःहून ती बंद करू नका.

गुडघ्याच्या गोळीचंही तसंच. डायक्लोफिनॅक आणि एस्सिटॅलोप्रॅमसारखं औषध एकत्र असलं की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी संडास झाली तर दुर्लक्ष करू नका. ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी तर नैराश्याच्या औषधांसोबत डॉक्टरांना न विचारता घ्यायचीच नाही. किडनीचं विचारलंत: नैराश्याच्या औषधांनी किडनी खराब होते असं आम्हाला दिसत नाही. बीपीच्या माणसाने वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणून खाल्लेल्या डायक्लोफिनॅकने मात्र ती होऊ शकते. काळजी करायची तर त्या गोळीची करा.

आणखी एक त्रास, जो तुम्ही विचारला नाहीत आणि आपल्याकडे कुणीच विचारत नाही. सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरोक्सेटीन या गटाने लैंगिक इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर होणं, बाईला सुखाची जाणीवच न होणं, हे बरंच आढळतं. मळमळीसारखं ते दोन आठवड्यांत जात नाही, औषध चालू असेपर्यंत टिकतं. पुरुष लाजेने गोळी सोडून देतो आणि डॉक्टरांना सांगतो, गुण नव्हता. बायकांना तर हा प्रश्नच विचारला जात नाही. मात्रा कमी करता येते, मिर्टाझापीन किंवा बुप्रोपिऑनकडे वळता येतं. औषध थांबल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, क्वचित काहींत नंतरही रेंगाळल्याच्या नोंदी आहेत. तुमचं वय लहान आहे, वडिलांशी हे बोलणं अवघड आहे हे मला कळतं. निदान डॉक्टरांना एकट्याने बसून दहा मिनिटं वडिलांशी बोलू द्या.

जन्मभराचं उत्तर: नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने त्याच मात्रेवर औषध चालू ठेवतो आणि मग हळूहळू उतरवतो. बरं वाटलं म्हणून लगेच थांबवलं की परत उलटण्याची शक्यता मोठी असते. आजार दुसऱ्या-तिसऱ्यांदा आला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. काही थोड्यांना दीर्घकाळ लागतं.

हे सगळं गृहीत धरतंय की आजार नैराश्यच आहे. म्हणून दोन गोष्टी तपासून घ्याच. एक, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२. घर माळकरी, शाकाहारी असेल तर बी-१२ विशेषकरून. दोन, आयुष्यात कधी आठ-पंधरा दिवस उलटा प्रकार झाला होता का: झोप नसतानाही अंगात जोर, अखंड बडबड, मोठे सौदे, पैसा उधळणं. तसं असेल तर नुसतं नैराश्याचं औषध देऊन चालत नाही, माणूस त्या टोकाला फेकला जाऊ शकतो. गोळी सुरू केल्यावर कुणी दोन-तीन दिवसांत एकदम चिडखोर, बेफाम झाला किंवा मरणाचं जास्त बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत तर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं.

कर्ज गोळीने फिटत नाही, असं वडील म्हणतील. बरोबर आहे. पण पहाटे तीनला जागून, जेवण सोडून, बँकेत जाऊन पुनर्गठनाचं बोलायची ताकद कुणात राहत नाही. हलक्या नैराश्यात मी गोळीशिवाय, नुसतं बोलून, दिवसाची कामं परत बसवून बघते. तुम्ही जे वर्णन केलंय ते हलकं वाटत नाही. इथे गोळी हवी आणि बोलणंही हवं.

तर येत्या आठवड्यात एकाच डॉक्टरांकडे जा आणि तिथेच टिका. चौथा शोधू नका. मला विचाराल तर दुसऱ्यांकडेच परत जा, कारण त्यांच्या औषधाने काहीतरी हललं होतं. जाताना तिन्ही चिठ्ठ्या, बीपीच्या आणि गुडघ्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या. ब्रँड बदलला की गोळीचा रंग बदलतो आणि आईला वाटतं औषध बदललं, म्हणून पाकिटावरचं घटकाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आईला सोबत न्या, बोलणी तिच्यासमोर होऊ द्या. डॉक्टरांना हे विचारा: गोळी किती वाजता, कोणता त्रास किती दिवस सोसायचा, कोणत्या त्रासाला लगेच फोन करायचा, आणि सोडियम कधी तपासायचं. पुढची तारीख दोन आठवड्यांच्या आतली मागून घ्या आणि त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवा.